मशीनमध्ये 'आत्मा' नाही, जाणीव म्हणा

विचारलंय असं की 'एआयमध्ये आत्मा येईल का' हे मराठी बरोबर, की 'जाणीव येईल का' म्हणायचं?

जाणीव. झालं उत्तर. पण हा 'आत्मा' ऐकून ऐकून डोकं उठलंय म्हणून पुढचं लिहितो. 2022 साली गुगलमधल्या ब्लेक लेमॉइन नावाच्या इंजिनियरनं सांगितलं की लॅम्डा हा प्रोग्रॅम सेन्टिअंट झालाय, कंपनीनं मानलं नाही, त्याला कामावरून काढलं, आणि आता आमच्या पानठेल्यावर बी 'भाऊ, कम्प्युटरात आत्मा आला म्हणते' सुरू आहे. अरे, सेन्टिअंट म्हणजे ज्याला काही जाणवतं तो, आत्मा मधातच कुठून घुसला? जाणीव-नेणीव ही जोडी हरिपाठात रोज म्हणतो आपण अन् लिहायला बसलो की विसरतो. चेतना, चैतन्य सोडून देतो, ते सगळ्यांना माहीत आहे.

खरी मजा आत्म्यात आहे. यास्काचार्य निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांची फोड करणाऱ्या त्यांच्या जुन्या ग्रंथात, हा शब्द 'अत्' म्हणजे सतत चालणे, नाहीतर 'आप्' म्हणजे व्यापणे, अशा दोन धातूंवर बसवतात. दोन दोन पर्याय दिले की समजून घ्यावं, आचार्यांचंही पक्कं नव्हतं! सप्त्यातले बुवा अजून तेच सांगतात. जर्मन लोक श्वासाला 'आटेम' म्हणतात, तो आपल्या आत्म्याचा सख्खा चुलतभाऊ, म्हणजे आत्मा मुळात श्वासच. आणि ऋग्वेदात, दहाव्या मंडलात, वाऱ्याला चक्क देवांचा आत्मा म्हटलंय, आता अजून काय पुरावा पाहिजे? प्राणाचंही तेच, त्यातला 'अन्' म्हणजे श्वास घेणे, लॅटिनचा 'अनिमा' त्याच घरचा, म्हणजे पोरं टीव्हीवर अ‍ॅनिमेशन पाहतात ते प्राणाचंच भावकीतलं.

'कृत्रिम बुद्धिमत्ता' हाच शब्द चूक, बुद्धी म्हटली की चैतन्य आलंच, असं म्हणणारे विद्वान वेगळेच. त्यांनी सांख्य दर्शन उघडून पाहावं, तिथं बुद्धी जड आहे, प्रकृतीतून म्हणजे मूळ जड तत्त्वातून निघालेली, चैतन्य पुरुषाकडे, म्हणजे नुसतं पाहणाऱ्या तत्त्वाकडे. शब्द एकदम फिट आहे.

माझं म्हणणं, मराठी माणूस मशीनला जीव देतो, आत्मा कधीच देत नाही. रात्री बारानंतर थ्री फेज लाईन येते, उठून बॅटरीच्या उजेडात स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की मोटर घुरघुरते, पाइप दोनदा हवा ओकते अन् मग पाणी फेकते, तेव्हा सोबतचा गडी म्हणते, 'आला जीव!' 'आला आत्मा' म्हणलेलं ऐकलं का कोणी? गणपतीची सुद्धा प्राणप्रतिष्ठाच करतो आपण.

तान्ह्या पोळ्याला आमची नात लाकडाच्या नंदीपुढं मूठभर ढेप ठेवून बसली होती. म्हटलं चला, हिलेच विचारू, 'काय वो बाई, तुह्या नंदीले आत्मा आहे का?'

म्हणे, 'नाही आबा, चाकं आहेत.'