पुडीचा फाडलेला कोपरा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. स्वच्छतेवरच्या निबंधस्पर्धेत पहिला आलेला तुझ्या वर्गातला मुलगा बक्षीस घेऊन बाहेर आला, खिशातली खाऊची पुडी फोडली आणि रिकामी पुडी जिन्यातच टाकून निघून गेला. हे लिहिताना तुला राग आवरला नाही, ते अक्षरावरून कळतंय. "एवढं सगळं लिहून त्याला काहीच कसं वाटत नाही?" असं तू विचारलंयस.

त्याला ढोंगी ठरवू नकोस. निबंधात लिहिलेलं त्याला खरोखरच पटत असणार. तुमच्या वयाच्या मुलांना माहिती कमी पडत नाही. ओला कचरा, सुका कचरा, प्लॅस्टिक कुजत नाही, सगळं तोंडपाठ असतं. पण पुडी रिकामी होते त्या क्षणी हाताला निबंध आठवत नाही. आजूबाजूला काय पडलंय, बाकीचे काय करतात, ते डोळ्यांना दिसतं आणि हात त्याच्यामागे जातो.

रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. वाहनतळावरच्या गाड्यांच्या काचेवर त्यांनी पत्रकं अडकवली आणि गाडीवाले ती खाली टाकतात का, ते पाहिलं. जमीन स्वच्छ असताना १४ टक्के लोकांनी पत्रक खाली टाकलं, आधीच कचरा पडलेला असताना ३२ टक्क्यांनी. मग त्यांनी आपल्यातलाच एक माणूस गाडीवाल्याच्या देखत कागद टाकायला लावला. घाण जागी हे दृश्य पाहिल्यावर टाकणारे ५४ टक्क्यांवर गेले. स्वच्छ जागी मात्र ते ६ टक्क्यांवर आले! झाडलेल्या जमिनीवर कुणी एकट्याने कागद टाकला की तो डोळ्यांत खुपतो आणि इथे असं कुणी करत नाही, हे पाहणाऱ्याला नव्याने जाणवतं.

आता तुमचा जिना डोळ्यांसमोर आण. मधल्या सुट्टीनंतर तिथे आधीच पाचसात कागद पडलेले असणार. त्या मुलाची पुडी सहावी किंवा आठवी. ती टाकताना आपण काही केलं, असं त्याला वाटलंसुद्धा नसेल.

तुला करून पाहायचं असेल तर अख्ख्या शाळेचं मैदान अंगावर घेऊ नकोस. एक जागा निवड, त्या जिन्याचा एक टप्पा किंवा तुमच्या बाकांची एक रांग. सुट्टी सुरू व्हायच्या आधी तेवढी जागा पूर्ण मोकळी दिसली पाहिजे. निम्मी स्वच्छ करून उपयोग नाही.

बाकांच्या खणातही हात घालून बघ. चुरगळलेले कागद, संपलेल्या रिफिली, पेन्सिलीची सालं, बाकाखाली चिकटवलेला च्युइंगम. इतकी वर्षं शिकवून माझं एक मत झालंय, ते सांगते. वर्गाच्या मधोमध कचरा टाकणारी मुलं थोडी असतात, खणात, कपाटामागे, खिडकीच्या कोपऱ्यात कोंबणारी पुष्कळ. लपवणाऱ्याला आपलं चुकतंय हे ठाऊक असतं. त्याला समजवायची गरज नसते, डबा जवळ असण्याची असते. बहुतेक वर्गांत तो दाराशी एकच असतो आणि सुट्टी संपायच्या आत ओसंडून वाहतो. भरलेल्या डब्याशेजारी पुडी ठेवून जाणारा स्वतःला स्वच्छच समजतो, मग वारा सुटतो. मोठा डबा मागून घ्या, सुट्टीच्या आधी तो रिकामा व्हावा अशी विनंती करा. भिंतीवरच्या घोषणेपेक्षा याने जास्त काम होतं.

माझ्या हातून झालेली एक चूकही तुला सांगायची आहे. वर्गात कागद फेकणाऱ्या एका मुलाला मी शिक्षा म्हणून सगळा वर्ग झाडायला लावला होता. बाकीची मुलं हसत होती. त्या दिवशी चाळीस मुलांना मी एवढंच शिकवलं की कचरा उचलणं ही अपमानाची गोष्ट आहे. रोज आमचा वर्ग झाडणारी बाई तेव्हा दारातच उभी होती. त्या आठवणीने मला आजही वाईट वाटतं. "झाडायला माणसं आहेत की, त्यांना पगार मिळतो," हे वाक्य तुझ्या वर्गातही तू ऐकलं असशील. ते मुलांच्या तोंडी येतं त्याला आम्ही मोठी माणसं बरीच कारणीभूत आहोत.

म्हणून त्या मुलाला चारचौघांत बोलू नकोस. १९७५ साली मिलर, ब्रिकमन आणि बोलेन या तीन संशोधकांचा पाचवीच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका वर्गाला "नीटनेटकं राहिलं पाहिजे" असं वारंवार बजावलं गेलं. दुसऱ्या वर्गाला "तुम्ही नीटनेटकी मुलं आहात" असं सांगितलं गेलं. दुसरा वर्ग जास्त सुधारला आणि ती सुधारणा नंतरही टिकली. पण हे खोटं खोटं बोलून जमत नाही, मुलं लगेच ओळखतात. तो कधीतरी स्वतःहून काहीतरी डब्यात टाकेलच. तेव्हा ते तुझ्या लक्षात आलंय, एवढं त्याला कळू दे. पुन्हा पुडी टाकलीच तर हळूच म्हण, "अरे, तुझं काहीतरी पडलं बघ." उचलायला त्याला वाट मिळते.

डब्यात टाकलं म्हणजे संपलं, असं मात्र समजू नकोस. १९५० ते २०१५ या काळात जगात सुमारे ८३० कोटी टन प्लॅस्टिक तयार झालं. २०१५पर्यंत त्यातल्या सुमारे ६३० कोटी टनांचा कचरा झाला होता आणि त्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांवर पुनर्प्रक्रिया झाली होती. खाऊच्या चकचकीत पुड्यांमध्ये तर बहुधा प्लॅस्टिकला ॲल्युमिनियमचा पातळ थर चिकटवलेला असतो, तो सुटा करणं फार अवघड. त्याच डब्यात कुणी अर्धवट खाल्लेलं टाकलं की खालचे चांगले कागदही भिजून वाया जातात. कागदाचा तेवढा वेगळा खोका ठेवलात तरी पुष्कळ वाचेल. वर्षाअखेरीस वह्यांतली कोरी पानं काढून घ्या, त्यांच्या कच्च्या वह्या होतात.

आणि पुडी उघडताना तिचा कोपरा पूर्ण तोडू नकोस, लोंबकळता राहू दे. तोडलेला कोपरा नखाएवढा असतो, खाली पडला तर टाकणाऱ्यालाही कचरा वाटत नाही. झाडूच्या काड्यांतून निसटतो, पाण्याबरोबर गटारात जातो आणि पुढे कुणाच्या हाती लागत नाही. एवढी एक सवय तुझ्या मैत्रिणींना लावलीस तरी मला फार आनंद होईल.

पुढच्या पत्रात दोन गोष्टी मोजून कळव. मधल्या सुट्टीत डबा किती मिनिटांत भरतो, आणि त्या जिन्यापासून तो किती पावलांवर आहे. मग मुख्याध्यापकांना द्यायचा अर्ज आपण दोघी मिळून लिहू.

तुझी,
बाई