साडेसतरा होईपर्यंत पोराला कुठं घालायचं?

प्रश्न : ताई नमस्कार. मुलगा यंदा दहावी झाला, ५८ टक्के, वय सोळा पूर्ण. थोडी कोरडवाहू जमीन आहे, कापूस लावतो. हे म्हणतात पोऱ्याला धुळ्याला अकॅडमीत टाकू, आर्मीत जाईल. माझा भाऊ भुसावळला असतो, तो म्हणतो आयटीआय. आणि पोराला मित्रांबरोबर अकरावी सायन्सला जायचंय. घरात रोज कटकट. काय करू?
– एक आई, पारोळा तालुका

उत्तर : ताई, साडेसतरा पूर्ण झाल्याशिवाय आर्मीत अग्निवीर होताच येत नाही, मग आत्तापासून अकॅडमीची फी अन् मेसचे पैसे कशाला भरायचे, पळायला गावाबाहेरचा रस्ता फुकट आहे. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणि दहा पुलअप्स, एवढं जमलं की मैदानावर पूर्ण मार्क. पण आता आधी ऑनलाइन लेखी होते, त्यात गेला तरच मैदान, हे पुष्कळ बाप लोकांना माहीतच नसतं.

आणखी एक, घरीच बघा. ओल्या पायानं फरशीवर उभं करा, तळव्याचा अख्खा ठसा उमटला तर पाय सपाट असू शकतो. मग गुडघे जुळवून उभं करा, घोट्यांमध्ये फार फट राहिली तर तेही मेडिकलला अडतं. शंका आली तर आधी डॉक्टरला दाखवा, वर्षभर पळून मग रडण्यापेक्षा बरं. मार्कशीटही काढा. आपल्या बोर्डात गणित-विज्ञानाचे मिळून मार्क धरून पास करतात, पण अग्निवीर जीडीला (जनरल ड्युटी, म्हणजे साधा जवान) एकूण ४५ टक्के तर हवेतच, शिवाय प्रत्येक विषयात ३३ लागतात.

आणि अग्निवीर म्हणजे चार वर्षं. त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात, बाकीचे सेवानिधीचे (चार वर्षांनी मिळणारी एकरकमी रक्कम) पैसे घेऊन घरी. तेव्हा हाताला काय येतं हा प्रश्न येणारच, म्हणून मी तुमच्या भावाच्या बाजूनं आहे. इलेक्ट्रिशियन नाहीतर फिटर, दोन्ही दोन वर्षांचे, तोवर वयही होऊन जातं. आयटीआय झालं की भुसावळला रेल्वेत अप्रेंटिसला (शिकाऊ उमेदवार) फॉर्म भरता येतो, तिथं परीक्षा नसते, दहावी अन् आयटीआयच्या मार्कांवर लिस्ट लागते (ही नोकरी नाही हां, स्टायपेंड मिळतो, गावात लोक रेल्वेत लागला म्हणून पेढे वाटतात). लोको पायलटची (रेल्वे इंजिन चालवणाऱ्यांची) भरतीही उघडते, फक्त डोळे बिनचष्म्याचे चांगले पाहिजेत. शिकावंसं वाटलं तर इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन.

एकच अडचण, पोलीस भरतीला बारावी लागते. ती नंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते.

सायन्सचं म्हणाल तर मित्र चाललेत हे काही कारण नाही. गणित खरंच आवडत असेल तर सरळ डिप्लोमाला टाका, तीन वर्षांत होतो. नवऱ्याशी भांडू नका, मुलाला भावाकडे आठवडाभर पाठवा, तिथली अप्रेंटिस पोरं भेटतील, त्यांनाच विचारू द्या. आणि जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर लागत असेल तर आजच सेतूत टाका, ॲडमिशनच्या दिवसांत तिथं उभं राहायला जागा नसते.