नाशिकमध्ये गच्चीवरची बाग, रानभाज्या आणि शिकार यांवर घरचं जेवण भागेल का?

पालेभाजी बरीचशी भागेल, धान्य-डाळ विकतच आणावी लागेल, आणि शिकारीचं डोक्यातून काढाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार साधा ससा मारला तरी गुन्हा होतो. गच्चीवर मेथी महिन्याभरात काढणीला येते, हे घरच्या अनुभवावरून सांगतोय. पावसाळ्यात त्र्यंबक-पेठकडच्या बायका टाकळा, करटुली, शेवळं बाजारात आणतात. रानात जाण्याआधी त्यांच्याकडूनच भाजी ओळखायला शिका. टाकळा कोवळा, फुलं यायच्या आत खुडायचा. पानं मेथीसारखीच, फक्त जरा मोठी. शेवळं मात्र चिंच किंवा काकडं (आंबट रानफळं) घालून नीट शिजवा, नाहीतर घसा असा खाजतो की विचारू नका! अळंबीची खात्री नसेल तर हातही लावू नका. एप्रिल-मेमध्ये गच्ची तापते, तेव्हा हिरवी जाळी बांधूनही पालेभाजी जेमतेमच निघते.