नैरोबीची ऑफर घ्यावी का?

तुम्ही सीए आहात, पुण्यात दोन वर्षं ऑडिट केलंय, नैरोबीतल्या एका छोट्या सल्लागार फर्मने ॲनालिस्टची ऑफर दिली आहे. मुंबईत मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँकेतल्या नोकरीची वाट पाहावी की तिकडे जावं, असा तुमचा प्रश्न. मी तिथे सहा वर्षं हेच, म्हणजे कंपन्यांना भांडवल मिळवून द्यायचं काम केलं. माझं मत: जा. पण कामाचं स्वरूप समजून जा.

नैरोबीच्या शेअर बाजारात साठेक कंपन्या आहेत. २००८ मध्ये सफारीकॉम या मोबाइल कंपनीचा आयपीओ आला तेव्हा लोकांनी रांगा लावून अर्ज भरले, पण नंतर बरीच वर्षं तशी लाट आली नाही. त्यामुळे सल्लागार फर्मला फी मिळते ती खासगी व्यवहारांतून. एखाद्या कुटुंबाचा कारखाना किंवा हॉस्पिटल असतं, त्याला भांडवल मिळवून द्यायचं. समोर प्रायव्हेट इक्विटी फंड असतो, म्हणजे खासगी कंपन्यांत हिस्सा घेणारा फंड, आणि त्याच्यामागे बऱ्याचदा जागतिक बँक गटातली आयएफसी किंवा नेदरलँड्सची विकास बँक एफएमओ यांच्यासारख्या संस्थांचा पैसा. त्यांना नफ्याबरोबर सांडपाणी आणि कामगारांच्या सुरक्षिततेचे कागदही लागतात. ऑडिट केलेल्या माणसाला ते जमतं.

खरी मजा व्हॅल्युएशनमध्ये, म्हणजे कंपनीची किंमत ठरवण्यात आहे. प्लॅस्टिकच्या टाक्या बनवणाऱ्या कंपनीची तुलना करायला तिथल्या बाजारात तशी कंपनीच सापडत नाही. मग भारतातले, दक्षिण आफ्रिकेतले मल्टिपल (कंपनीची किंमत नफ्याच्या किती पट, तो आकडा) घ्यायचे आणि देशाच्या जोखमीपोटी ते खाली आणायचे. किती खाली, यावर तासन् तास वाद होतो. २०२४ च्या फेब्रुवारीत केनिया सरकारने पायाभूत सुविधांसाठीचे करमुक्त रोखे १८ टक्क्यांहून जास्त व्याजाने विकले. सरकारच एवढं देत असेल, तर कारखान्यात पैसे घालणारा फंड किती मागेल? आणि मालकाला वाटतं, वडिलांनी उभा केलेला धंदा हे लोक मातीमोल भावात मागताहेत. मग काही रक्कम आज, उरलेली पुढच्या दोन वर्षांच्या नफ्यावर, असा मार्ग काढावा लागतो. अशा बैठकीत मी आठव्या महिन्यात बसलो, कारण आमची टीमच पाच जणांची होती. मुंबईतल्या मोठ्या बँकेत तोवर मी स्लाइड्सच नीट करत बसलो असतो.

गुजराती शिका, हे अगदी मनापासून सांगतो. तिथले बरेच उद्योजक गुजराती, कच्छी घरांतले आहेत. आकड्यांची चर्चा इंग्रजीत होते, पण घरातल्या थोरल्या भावाला सौदा पटलेला नाही हे कळतं ते जेवणाच्या ताटावर. ऑफिसातल्या सहकाऱ्यांसाठी स्वाहिलीही शिका. तुम्ही त्यांच्या देशात आला आहात, ते त्यांना जाणवतं.

आता पैशाचं. २०१९ मध्ये डॉलरला शंभरेक शिलिंग पडायचे, २०२४ च्या जानेवारीत १६० च्या आसपास. माझा पगार शिलिंगमध्ये होता, त्यामुळे घरी पाठवायची रक्कम डोळ्यांदेखत आटत गेली. डॉलरशी बांधलेला पगार मागा, निदान निम्मा तरी.

क्लास डी वर्क परमिट, म्हणजे परदेशी माणसाला तिथे नोकरी करायचा परवाना, हातात आल्याशिवाय जाऊ नका. माझ्या पहिल्या फर्मने ‘या तर खरं, परमिट होईल’ म्हणून बोलावलं आणि मी तीन महिने बिनपगारी बसून काढले. परमिट त्या नोकरीशी जोडलेलं असतं, फर्म बदलली की सगळं नव्याने.

ब्रँडची भीती मात्र खरी आहे. मुंबईत परत आल्यावर फर्मचं नाव कुणी ओळखत नाही, विचारतात ते व्यवहार. म्हणून निदान एक सौदा पैसे खात्यात येईपर्यंत पुरा करूनच परता. वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

सही करण्याआधी फर्मला एकच प्रश्न लेखी विचारा: गेल्या दोन वर्षांत मँडेट (सौदा करून द्यायची कामं) किती मिळाले आणि पूर्ण किती झाले? दोन्ही आकडे इथे कळवा, पुढचं त्यावर बोलू.