वाचकांचे प्रश्न : मानव्यविद्यांच्या संशोधनपत्रिका घरबसल्या कशा वाचाव्यात?

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून मिरज परिसरातील मध्ययुगीन शिलालेखांचा अभ्यास स्वतःच्या आवडीने करतो. इंटरनेटवर हवा तो लेख सापडतो, त्याचे पहिले पान दिसते आणि पुढे वाचायचे तर दोन-तीन हजार रुपये भरा, असे सांगितले जाते. विद्यापीठाशी काहीही संबंध नसलेल्या माणसाने काय करावे? – एक वाचक, मिरज

उत्तर : पहिली विनंती ही की, एका लेखासाठी एवढे पैसे घाईने भरू नका. आपल्या विषयातील बरेच साहित्य वैध मार्गाने, विनामूल्य वाचता येते. मात्र ते एका ठिकाणी नसल्यामुळे ते कुठे आहे हे आधी ठाऊक असावे लागते.

जेस्टोर या संकेतस्थळापासून सुरुवात करावी. अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाचा मूळ हेतू ग्रंथालयांतील जुन्या नियतकालिकांचे अंक संगणकावर आणून कपाटांतील जागा वाचवणे हा होता, आणि म्हणूनच त्याचे खरे बळ जुन्या अंकांत आहे. ई-मेल पत्ता देऊन तेथे वैयक्तिक खाते उघडले की ३० दिवसांत १०० लेखांपर्यंत पडद्यावर विनामूल्य वाचता येतात. ते उतरवून घेता येत नाहीत, त्यामुळे वही जवळ ठेवून टिपणे काढावी लागतात. पण वाचन अडत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ‘अ‍ॅनल्स’, डेक्कन कॉलेजचे ‘बुलेटिन’, भारतीय इतिहास परिषदेच्या अधिवेशनांचे वृत्तान्त आणि मुंबईहून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या सर्वांचे जुने अंक तेथे आहेत. याखेरीज अमेरिकेत १९२३ पूर्वी आणि अन्यत्र १८७० पूर्वी प्रसिद्ध झालेले लेख जेस्टोरने २०११ मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्यांना खातेही लागत नाही.

शिलालेखांच्या अभ्यासकाला तर याहूनही मोठा खजिना ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या विनामूल्य डिजिटल ग्रंथालयात उपलब्ध आहे. जेम्स बर्जेस यांनी १८७२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकाचे जुने खंड तेथे पूर्ण उतरवून घेता येतात. शिलालेखतज्ज्ञ जे. एफ. फ्लीट यांनी वाचलेले दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कितीतरी संस्कृत व जुन्या कन्नडमधील लेख याच खंडांत आहेत. शिलालेखांना वाहिलेल्या ‘एपिग्राफिया इंडिका’चे जुने खंडही तेथे मिळतात. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने आपल्या संग्रहातील जुने ग्रंथ आणि नियतकालिके ‘ग्रंथ संजीवनी’ या संकेतस्थळावर आणली आहेत, तीही पाहावीत.

शोध घेताना एक गोष्ट फार उपयोगी पडते. जुन्या इंग्रजी लेखांत आपल्याकडील नावांची वर्णरचना ठरलेली नसे. ‘पुणे’ शोधून काही हाती लागले नाही तर ‘पूना’ शोधावे, ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन लिपीत कुणी ‘डी’ने सुरू करतो, कुणी ‘जे’ने, आणि ‘शिलाहार’ या घराण्याचे स्पेलिंगही निरनिराळ्या लेखांत निराळे आढळते. एकाच नावाची तीन-चार रूपे आलटून पालटून घालून पाहिल्याशिवाय ‘यावर काही लिहिले गेलेले नाही’ असा निष्कर्ष कधीही काढू नये.

अलीकडचा लेख हवा असेल तर ‘अनपेवॉल’ हे विनामूल्य साधन ब्राउझरला जोडावे. लेखाची एखादी वैध खुली प्रत विद्यापीठाच्या भांडारात ठेवलेली असेल तर ते तिच्याकडे नेते. तेवढ्यानेही काम झाले नाही तर सरळ लेखकाला पत्र लिहावे. बहुतेक प्रकाशक लेखकाला आपली प्रत अभ्यासकांना वैयक्तिकरीत्या पाठवण्याची मुभा देतात, आणि आपला शिलालेखावरचा लेख मिरजेत कुणीतरी मनापासून वाचू इच्छितो हे कळल्यावर आनंद न होणारा संशोधक विरळा.

प्रश्न : मी एका विनाअनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवते. ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेमुळे सर्व पत्रिका मोफत झाल्याचे वाचले, पण आमच्याकडे काहीच उघडत नाही. – एक प्राध्यापिका, नांदेड

उत्तर : योजना खरी आहे, पण ती सर्वांसाठी नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता दिली, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद केली आणि ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका खुल्या करण्याची व्यवस्था विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे सोपवली. केंब्रिज, ऑक्सफर्ड, सेज, टेलर अँड फ्रान्सिस असे मानव्यविद्यांचे मोठे प्रकाशक त्यात असल्यामुळे ही योजना केवळ विज्ञानशाखेसाठी आहे हा समज चुकीचा ठरतो. मात्र लाभार्थी म्हणून मान्यता मिळाली ती केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. आपल्यासारखी खाजगी महाविद्यालये आणि मिरजेच्या वाचकांसारखे स्वतंत्र अभ्यासक त्यात येत नाहीत.

ही उणीव आम्हाला गंभीर वाटते. ज्या महाराष्ट्रात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी कोणत्याही विद्यापीठाच्या नोकरीत नसताना गावोगावची दप्तरे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड उभे केले, तेथे तरी अभ्यासकाची ओळख केवळ त्याच्या संस्थेवरून ठरवली जाऊ नये. सार्वजनिक पैशातून घेतलेले सदस्यत्व जिल्हा ग्रंथालयातील एका संगणकावर तरी मिळावे, ही मागणी शिक्षक आणि ग्रंथालय संघटनांनी शासनाकडे लावून धरण्याजोगी आहे.

तोपर्यंत आपल्या ग्रंथपालांना महाविद्यालयांना ई-पत्रिका आणि ई-पुस्तके पुरवणाऱ्या, इन्फ्लिबनेटच्याच ‘एन-लिस्ट’ कार्यक्रमाबद्दल विचारा. त्यात महाविद्यालयाने सदस्यत्व घ्यावे लागते आणि मग प्रत्येक शिक्षकाला व विद्यार्थ्याला स्वतःचे लॉगिन मिळते. महाविद्यालय सदस्य असूनही लॉगिन मागितलेलेच नाही, असे पुष्कळदा घडते. चालू वर्षाच्या यादीत कोणत्या पत्रिका आहेत, तेही त्यांच्याकडूनच पडताळून घ्या. प्रबंध हवे असतील तर ‘शोधगंगा’ हे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे भांडार सर्वांना खुले आहे. एखाद्या अप्राप्य लेखातील युक्तिवाद त्याच लेखकाच्या प्रबंधात अधिक विस्ताराने वाचायला मिळणे ही इतिहासासारख्या विषयात नेहमीची गोष्ट आहे.

प्रश्न : पीएच.डी.साठी लेख प्रसिद्ध करायचा आहे. एक ‘आंतरराष्ट्रीय’ पत्रिका पैसे भरल्यास आठवड्यात छापू म्हणते. मुक्त प्रवेश म्हणजे लेखकाने पैसे भरणेच का? – एक संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : नाही. मुक्त प्रवेश याचा अर्थ वाचकाकडून पैसे घेतले जात नाहीत, एवढाच. खर्च कुणी सोसायचा याच्या अनेक रीती आहेत. प्रयोगशाळेच्या अनुदानातून शुल्क भरण्याची पद्धत विज्ञानात रुळली, पण मराठी कवितेवर किंवा गावच्या वतनव्यवस्थेवर लिहिणाऱ्याकडे असे अनुदान नसते. म्हणूनच ब्रिटनमधील ‘ओपन लायब्ररी ऑफ ह्यूमॅनिटीज’ने २०१५ पासून वेगळा मार्ग चालवला आहे : शेकडो ग्रंथालये थोडीथोडी रक्कम देतात आणि लेखक व वाचक दोघांनाही काही भरावे लागत नाही. दक्षिण आशियावरील ‘समाज’ ही इंग्रजी पत्रिकाही फ्रान्समधील ‘ओपनएडिशन’ या मंचावर खुली आहे. आपल्या विषयात बसत असेल तर तिचे अंक अवश्य वाचावेत.

आठवड्यात छापण्याचे वचन देणाऱ्या पत्रिकेत तज्ज्ञांकडून परीक्षण होणे शक्य नाही. तिच्यापासून दूर राहा. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील कक्षाच्या साहाय्याने तयार होणारी यूजीसी-केअर ही मान्य पत्रिकांची यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने आता बंद केली असल्यामुळे पारख करण्याची जबाबदारी आपल्यावर आणि मार्गदर्शकांवर आली आहे. संपादक मंडळातील दोन-तीन नावे त्यांच्या विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर तपासा, मागील दोन अंक प्रत्यक्ष वाचा आणि २००३ पासून चालणाऱ्या ‘डीओएजे’ या मुक्त पत्रिकांच्या निर्देशिकेत नाव आहे का ते पाहा.

प्रश्न : इंग्रजी पत्रिकांचे ठीक आहे, पण मराठीतील जुन्या संशोधनपर नियतकालिकांचे काय? – एक ग्रंथपाल, वाई

उत्तर : येथे अडचण शुल्काची नसून सूचीची आहे, आणि ती अधिक मोठी आहे. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ मध्ये सुरू झाले. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून काम करीत आहे. अशा नियतकालिकांचे आणि संस्थांच्या प्रकाशनांचे काही अंक कुठे ना कुठे छायांकित झालेले सापडतात, पण बहुधा फाइलीला फक्त वर्ष आणि खंडाचा क्रमांक दिलेला असतो. आत कोणते लेख आहेत हे शोधयंत्राला कळत नाही, कारण जुन्या खिळ्यांच्या छपाईतील जोडाक्षरे संगणकाला नीट वाचता येत नाहीत. लेख जगाला खुला असतो आणि तरीही कुणाला सापडत नाही.

आपल्यासारख्या ग्रंथपालांना यात पुष्कळ करता येईल. बहुतेक मासिकांच्या वर्षाच्या अखेरच्या किंवा पहिल्या अंकात वार्षिक अनुक्रमणिका असते. एका वर्षाची अनुक्रमणिका, म्हणजे लेखाचे शीर्षक, लेखक, अंक आणि पृष्ठ, युनिकोडमध्ये टंकित करून खुली ठेवली तरी ते वर्ष शोधाच्या कक्षेत येते. अनुक्रमणिकेतील अशा नोंदी म्हणजे केवळ माहिती असल्यामुळे त्यांना स्वामित्व हक्काची अडचण सहसा येत नाही. पूर्ण लेख द्यायचा असेल तर लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढील वर्षारंभापासून मोजून, ६० वर्षे उलटली आहेत याची खात्री करावी. तसे असल्यास तो मराठी विकिस्रोतावरही ठेवता येतो. वाईत ज्यांच्या घरी जुन्या मासिकांच्या बांधीव फाइली असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी आपल्या ग्रंथालयाला दाखवाव्यात, अशी सूचना दर्शनी फलकावर आजच लावता येईल.