आधी कपाट उघडा, मग लिनक्सचं बघू

पत्र : मुलगा साताऱ्यात बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या सेमिस्टरला ५८ टक्के पडले. सारखं लॅपटॉपवर विंडोजऐवजी नवं लिनक्स टाकतो, तुलनेचे व्हिडिओ बघत बसतो. डिस्ट्रोवॉच या वेबसाइटच्या यादीत जे पहिलं आहे तेवढंच शिक म्हटलं, तर ऐकत नाही. शेवटी परीक्षेपर्यंत लॅपटॉप कपाटात ठेवला. मेहुण्यांचा मुलगा पुण्यात नोकरीलाही लागला. नोकरीसाठी कोणतं लिनक्स चांगलं, ते एकदा स्पष्ट सांगा. – एक पालक, कराड

उत्तर : आधी कपाट उघडा. प्रॅक्टिकलची तयारी मुलाने काय वहीवर करायची? आणि मेहुण्यांच्या मुलाचा विषय घरात रोज निघत असेल, तर तो आजपासून बंद. ५८ टक्क्यांपेक्षा मला ही तुलनाच जास्त खटकली. मुलाच्या खटपटीला शिस्त नाही, हे मान्य. पण सिस्टिम टाकणं, ती बिघडली की पुन्हा उभी करणं हेच सर्व्हर सांभाळणाऱ्यांचं रोजचं काम असतं.

आता तो 'पहिला नंबर'. डिस्ट्रोवॉचची क्रमवारी फक्त एवढंच मोजते, की त्यांच्या साइटवर त्या डिस्ट्रोचं (म्हणजे लिनक्सच्या त्या प्रकाराचं) पान रोज किती वेळा उघडलं गेलं. किती संगणकांवर ती चालते, कंपन्या काय वापरतात, यातलं काही त्यात नसतं. एमएक्स लिनक्स तिथे कित्येक वर्षं वर राहिलं. सर्व्हरच्या नोकऱ्यांच्या जाहिराती उघडून बघा, तिथे रेड हॅट आणि उबंटू भेटतील. त्या साइटचा खरा उपयोग वेगळा आहे : प्रत्येक डिस्ट्रोच्या पानावर कोणत्या आवृत्तीत कोणतं पॅकेज (सॉफ्टवेअर) आहे, याचा तक्ता असतो. तो वाचायचा, क्रमांक सोडून द्यायचा.

अपडेट किती काळ मिळणार, हे 'एंडऑफलाइफ डॉट डेट'वर एका नजरेत कळतं. फेडोराची आवृत्ती साधारण १३ महिने, उबंटूची एलटीएस (दीर्घ मुदतीची) आवृत्ती ५ वर्षं, रेड हॅट १० वर्षं. हा मुद्दा किरकोळ नाही. सेंटओएस ८ ला (रेड हॅटसारखीच, पण मोफत डिस्ट्रो) २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, या भरवशावर लोकांनी सर्व्हर उभे केले आणि ते ३१ डिसेंबर २०२१ला बंद झालं. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या रेड हॅटशी जुळणाऱ्या मोफत डिस्ट्रो त्यातूनच निघाल्या. व्हिडिओंमध्ये मात्र चर्चा वॉलपेपरची आणि मेनूची.

मुलाला दोनच डिस्ट्रो घेऊ द्या : डेबियन आणि अल्मालिनक्स. लॅपटॉपवरची मूळ सिस्टिम पुसायची नाही, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरं मशीन चालवणारा प्रोग्रॅम) टाकायच्या. प्रत्येकीला २ जीबी रॅम, २० जीबी डिस्क, डेस्कटॉपशिवाय. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद असेल तर हे आतलं मशीन सुरूच होणार नाही. प्रोसेसर जुना असेल तर अल्मा १० अडू शकते, ९ घ्यावी. इन्स्टॉल झाल्या झाल्या स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे बिघडलं तर त्या स्थितीला परत येता येतं.

मग दोन्हीकडे एनजिनएक्स (वेबसाइट दाखवणारा सर्व्हर प्रोग्रॅम) बसवून वेबसाइटच्या फाइल्स रूटखाली, म्हणजे थेट '/' खाली, नवा फोल्डर करून तिथून दाखवायच्या. डेबियनवर बहुधा लगेच चालेल. अल्मावर आधी फायरवॉल अडवेल. त्यात पोर्ट ८० (वेबसाइटची वाट) उघडला की फाइल्सच्या परवानग्या बरोबर असूनही ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही', येईल. कारण एसई-लिनक्स या सुरक्षा व्यवस्थेला फोल्डरवरचं लेबल पटत नाही. बरेच जण इथे एसई-लिनक्सच बंद करून मोकळे होतात, आणि मुलाखतीत नेमके तिथेच अडकतात. सीमॅनेज या कमांडने लेबल ठरवून ते लावायला रिस्टोअरकॉन ही कमांड चालवायची. असा एक फरक स्वतः सोडवून पानभर लिहिला, की दहा व्हिडिओंची गरज उरत नाही.

एमसीए करायचं तर सीईटी, सीडॅकच्या कोर्ससाठी सी-कॅट, या प्रवेश परीक्षा. दोन्ही तिसऱ्या वर्षी बघा. आरएचसीएसए या रेड हॅटच्या प्रमाणपत्र परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात, मशीनवर काम करून दाखवावं लागतं, त्यामुळे अल्मावरचा सराव तिथे थेट कामी येतो. क्लासची फी भरायची घाई करू नका. लॅपटॉपला ४ जीबीच रॅम असेल तर आधी ती वाढवून द्या.