क्युबातून आलेल्यांच्या बालपणीच्या आठवणींत विमानतळावरची काच सारखी का येते?

मायामीला लागून असलेल्या हायलीयात मी अकरा वर्षं राहतोय. आमच्या शेजारच्या आजी १९६१ साली, नऊ वर्षांच्या असताना क्युबातून आल्या. सोबत चौदा वर्षांचा भाऊ होता, आईवडील नव्हते.

तुम्ही विचारलेल्या काचेला ही मंडळी 'ला पेसेरा' म्हणतात, म्हणजे मासे ठेवायची काचपेटी. हवानाच्या विमानतळावर तपासणी झाली की प्रवाशांना काचेच्या भिंतींच्या खोलीत बसवत. आत पोरं आणि बाहेर सगळं घर. दिसायचं, पण ऐकू यायचं नाही. विमान सुटेपर्यंत कधी कधी तासन् तास हेच. आजींची आई पलीकडून काहीतरी सांगत होती. काय, ते त्यांना आजवर कळलेलं नाही. भाऊ म्हणतो, "स्वेटर घाल म्हणत होती." आजींना ते पटत नाही.

आईबापांनी पाठवलं तरी कसं, हा प्रश्न मलाही पडला होता. कास्ट्रोच्या १९५९ च्या क्रांतीनंतर खासगी शाळा सरकारजमा झाल्या होत्या. त्यात मुलांवरचा पालकांचा हक्कच सरकार काढून घेणार अशी अफवा उठली. खोट्या कायद्याचे कागदही हातोहात फिरले. मायामीतले फादर ब्रायन वॉल्श यांच्यामार्फत मुलांना व्हिसाशिवाय येऊ देण्याची सोय झाली. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात १४ हजारांहून जास्त मुलं अशी एकटी आली. या प्रकाराला पुढे 'पेड्रो पान' (म्हणजे गोष्टीतला पीटर पॅन) नाव पडलं. घरच्यांचा हिशोब चारसहा महिन्यांचा होता. मग क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशियात पेच उभा राहिला, विमानं थांबली आणि हिशोब चुकला.

भावाला मायामीजवळच्या मॅटेकुंबीच्या छावणीत ठेवलं, आजींना फ्लोरिडा सिटीच्या छावणीत, नंतर बर्फाच्या मुलखात एका अनोळखी कुटुंबाकडे.

सगळ्याच आठवणी मात्र जशाच्या तशा धरू नका. इथे भेटलेल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या हवानातल्या घराला संगमरवरी जिना असतो, जसा आपल्याकडे प्रत्येकाचा गावी वाडा असतो. आजीच हसून सांगतात, "आमचं घर दोन खोल्यांचं होतं, जिना शेजाऱ्यांचा." आणि काच प्रत्येकाच्या वाट्याला आली असंही नाही. १९८० साली क्युबातल्या मारिएल बंदरातून सव्वा लाख माणसं आली. त्यांच्यातल्या कित्येकांना आठवतात ती अंडी: देश सोडणाऱ्याच्या दारात जमाव जमायचा, शिव्या द्यायचा, अंडी फेकायचा.

डिसेंबर १९६५ पासून क्युबातल्या वरादेरोहून मायामीला विमानं सुरू झाली. एकट्या आलेल्या मुलांच्या पालकांना त्यांत आधी जागा मिळे. आजींची आई १९६६ मध्ये आली, तोवर पोरीचं स्पॅनिश निम्मं गेलं होतं. पुढे कधीतरी त्यांनी आईला विचारलं, "तेव्हा काचेमागून काय सांगत होतीस?"

आई म्हणाली, "मी? मी तर तोंडावर रुमाल धरून उभी होते."